उंबऱ्याच्या आतली चप्पल

आमच्या सेंटरच्या बाकावर बसलेला नवा पेशंट आधी माझ्या पायाकडे बघतो, मग तोंडाकडे, मग पुन्हा पायाकडे. थोडा वेळ गेला की हळूच विचारतो, "ताई, दुखतं का हो?" मग मी सुरू होते. आमची फिजिओथेरपिस्ट हेतल, बोरिवलीचीच गुजराती मुलगी, मराठी माझ्यापेक्षा फास्ट बोलते. ती परवा म्हणाली, "काकी, तुम्ही एकेकाला तासभर सांगता आणि माझी लाइन अडते. लिहूनच काढा ना एकदा." म्हणून बसलेय लिहायला.

मी बालवाडीची बाई. सगळं आयुष्य तीन-चार वर्षांच्या पोरांना "रांगेत उभे राहा, नाकात बोट नको" सांगण्यात गेलं. त्यामुळे लिहिताना कुठे दरडावल्यासारखं वाटलं तर मनावर घेऊ नका. माझा डावा पाय गुडघ्याखाली नाहीये. त्या जागी बनवलेला पाय आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही पुढचं वाचताना 'आता काय होणार' म्हणून जीव टांगणीला लावायचं कारण नाही. जे व्हायचं होतं ते झालंय.

पिन

बालवाडीत सगळे चपला दाराबाहेर काढतात. मुलं, मदतनीस मावशी, मीसुद्धा. सतरंजीवर बसायचं असतं, मग चपला कशाला आत? फळ्याशेजारच्या बोर्डावर मुलांची चित्रं लावायला रंगीत डोक्याच्या पिना असायच्या. त्यातली एक कधीतरी खाली पडली आणि माझ्या तळव्यात गेली.

कधी गेली ते मला माहीत नाही. खरंच नाही. मधुमेह जुना, पायांना आधी मुंग्या यायच्या, मग त्याही यायच्या बंद झाल्या. मला वाटलं, चला, बरं झालं. डॉक्टरांच्या भाषेत ते बरं होणं नव्हतं, पाय बधिर होणं होतं.

संध्याकाळी घरी आले. आमचं घर बोरिवली पूर्वेला, सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर. दारात चप्पल काढली, किचनमध्ये गेले, चहा ठेवला. मागून सासूबाई आल्या आणि लादीकडे बघत उभ्या राहिल्या. दारापासून ओट्यापर्यंत लाल ठिपके होते. त्या मूळच्या मालवणकडच्या. इतकी वर्षं मुंबईत काढली तरी बोली सोडलेली नाही. त्या म्हणाल्या, "गो, तुझ्या पायाक काय लागला?"

पाय वर करून बघितला तर पिवळ्या डोक्याची पिन बसलेली, बोर्डावर बसते तशी. मला हसू आलं. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी पिन काढली, हळद दाबली आणि मला खुर्चीवर बसवून चहा स्वतः गाळला. मी तेव्हा म्हटलंसुद्धा, आई, एवढ्याशा पिनेचं काय घेऊन बसलात.

निळी रेघ

एवढ्याशा पिनेची जखम भरली नाही. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, दोनदा जखम साफ करून झाली. अंगठा काळा पडला, मग पाऊल. मी पाय चादरीखाली ठेवायचे, म्हणजे दिसायला नको.

ज्या दिवशी सांगितलं त्या दिवशी सर्जन खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. डॉक्टर उभ्या उभ्या बोलतात तोवर ठीक असतं. बसले की समजायचं. त्यांनी खिशातून निळा मार्कर काढला आणि माझ्या गुडघ्याच्या खाली, चार बोटं सोडून, एक रेघ मारली. म्हणाले, इथून. विष वर चढतंय, थांबलो तर मांडीतून काढावा लागेल. आणि मग म्हणाले, गुडघा वाचवतोय तुमचा, ही मोठी गोष्ट आहे.

विलास, माझा नवरा, "मुलीला फोन करतो" म्हणून बाहेर गेला. मुलगी बंगळुरूला नोकरीला. दार अर्धवट उघडं होतं. तो पॅसेजमध्ये नुसता फोन हातात धरून उभा होता. लावत नव्हता. मला त्याची इतकी दया आली की माझं मलाच विसरायला झालं.

घाबरलेलं माणूस काय विचारेल सांगता येत नाही. मी विचारलं, "डॉक्टर, आता मला चप्पल एकच घ्यावी लागेल का?" ते हसले नाहीत. नीट विचार करून म्हणाले, "नाही, दोन्ही लागतील." त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. सगळ्या दिवसात मला धीर देणारं तेवढं एकच वाक्य होतं, आणि ते चपलेबद्दल होतं.

वॉर्डात

हॉस्पिटलात सकाळ फार लवकर होते. आधी बोटाला टोचून शुगर, मग थर्मामीटर, मग ड्रेसिंगची ट्रॉली. त्या ट्रॉलीच्या एका चाकाचा आवाज यायचा. तो आवाज लांबून आला की मी मोठ्याने पाढे म्हणायला लागायचे. बालवाडीची बाई, दुसरं काय येणार मला? सिस्टर चादरीची घडी घालता घालता माझ्याबरोबर बे दाही वीस म्हणायची.

तिनेच पट्टी बांधायला शिकवलं. उरलेल्या पायाला, त्याला तिथे सगळे स्टंप म्हणतात, घट्ट पट्टी आडवी-तिरकी बांधायची, म्हणजे सूज उतरते आणि आकार येतो. "मावशी, भोपळा नको, गाजर हवं," ती म्हणायची. पुढे पाय बसवायचा तो गाजरावर बसतो, भोपळ्यावर नाही. नव्या लोकांना मी हेच सांगते. बांधायचा कंटाळा करू नका.

भेटायला येणाऱ्यांचं एक सांगते. काही जण माझ्याशी बोलताना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. काही जण म्हणत, देवाने केलं ते बऱ्यासाठी. अशा माणसाला उशी फेकून मारावीशी वाटते. मी एकदा उशी उचललीही होती. तुम्ही कुणाला भेटायला गेलात तर काही बोलू नका. सासूबाई रोज डब्यात पेज घेऊन यायच्या, बसायच्या, पेज संपली की डबा धुऊन जायच्या. तेच मला बरं वाटायचं.

नसलेला अंगठा

घरी आल्यावर अंगठ्याला खाज सुटायला लागली. कापून टाकलेल्या अंगठ्याला. कुणाला सांगायची चोरी, वेडी म्हणतील. हेतलला नंतर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, काकी, बहुतेकांना होतं. पाय गेला तरी मेंदूतली त्याची जागा जात नाही, ती वाट बघत बसते. तिने मग आरशासमोर बसवून उजवा पाय हलवायचा व्यायाम दिला. आरशात तो डावा दिसतो आणि मेंदूचं समाधान होतं. हे सगळं नंतरचं.

त्याआधी एका सकाळी मी पलंगावर रडत होते. सासूबाईंनी विचारलं, मी सांगून टाकलं की अंगठा खाजतोय आणि तो आहेच कुठे खाजवायला. त्या पलंगाच्या पायथ्याशी बसल्या, चादर जिथे सपाट होती तिथे हात नेला आणि विचारलं, "हय?" मी म्हटलं, थोडं डावीकडे. त्यांनी चादर खाजवली. आणि तुम्ही विश्वास ठेवा न ठेवा, मला बरं वाटलं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसलो की विलास ब्रश तोंडात ठेवून बाथरूममधून बाहेर आला.

इथे काय होतं तुला?

स्टंपचं गाजर झालं तसा पाय बनवायला घेतला. सेंटरमध्ये पाय बनवतात ते शेख सर. शिक्षणाने इंजिनियर. हाताला प्लास्टर लागलेलं आणि बोलणं मोजकं. आधी स्टंपचा साचा घेतला, त्यावरून वाटीसारखं सॉकेट, त्याखाली धातूचा दांडा, त्याखाली पाऊल. पावलाला बोटंही होती, नखंसुद्धा कोरलेली. मी म्हटलं, वा, नेलपॉलिश लावता येईल.

पाय बसवायला जाताना मधुमेहवाल्यांसाठीचे नवे सँडल नेले होते, मऊ तळाचे, मागून पट्ट्याचे, टाचेला थोडी उंची असलेले. शेख सरांनी ते दोन्ही पायांत घालायला लावून मला धरून चालायच्या दोन दांड्यांमध्ये उभं केलं, चालवलं, स्क्रू फिरवले, पुन्हा चालवलं. शेवटी म्हणाले, "पाय या सँडलवर सेट केलाय. दुसरी चप्पल वापरू नका, वापरायची असली तर आधी मला दाखवा." मी बालवाडीची बाई, सूचना पाळणारी. दुसऱ्या चपलेला मी हातसुद्धा लावला नाही.

सुरुवातीलाच हेतलने विचारलं होतं, काकी, तुम्हाला काय करायचंय? लोक म्हणतात, देवळात जायचंय, नोकरीवर जायचंय. मी म्हटलं, मला किचनमधून बाहेरच्या खोलीत चहाचा ट्रे घेऊन यायचंय. तिला वाटलं मी थट्टा करतेय. पण वॉकर धरला की दोन्ही हात गेले. हातात पाण्याचा ग्लाससुद्धा घेऊन जाता येत नाही. मग तुम्ही नुसते बसता आणि लोक आणून देतात. पाणी आणतात, चष्मा आणतात, रिमोट आणतात. प्रेमाने आणतात हो, पण मला स्वतःच्या घरात पाहुणीसारखं वाटायला लागलं होतं, आणि तेही न जाणारी पाहुणी.

सेंटरमध्ये मी झकास चालायला लागले. आधी दांडे सुटले, मग वॉकर, मग काठी. एक दिवस हेतलने दोन्ही हातांत पाण्याने भरलेल्या ग्लासांचा ट्रे दिला आणि मी हॉलच्या टोकापर्यंत गेले. विलासने व्हिडिओ काढला, सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

आणि घरी? घरी माझी वाट लागायची. उंबरा ओलांडला की कुणीतरी छातीवर हात ठेवून मागे ढकलतंय असं वाटायचं. सपाट लादीवर जिना चढल्यासारखं व्हायचं. गुडघा मागे रेटला जायचा, कंबर धरायची. मी भिंत धरायचे, कपाट धरायचे, शेवटी परत वॉकर. हेतलला सांगितलं तर ती म्हणाली, घरात जागा कमी असते, वळणं असतात, होईल सवय. शेख सरांनी पाय तपासला, चालवून बघितलं, एकदम बरोबर होता. त्यांच्यासमोर मी चाललेच बरोबर.

एका रविवारी मी जिद्दीला पेटले. म्हटलं, बघू काय होतं ते. चहा केला, ट्रेमध्ये तीन कप ठेवले आणि ओट्यापासून निघाले. दुसऱ्या की तिसऱ्या पावलाला तोल मागे गेला. सासूबाई मागेच होत्या, बहुतेक त्यासाठीच उभ्या होत्या. त्यांनी मला कवेत धरलं म्हणून मी पडले नाही, पण चहा सगळा त्यांच्या मनगटावर गेला. फोड आला. त्या म्हणत राहिल्या, काय नाय, काय नाय. माझे हातपाय थरथरत होते, म्हणजे जेवढे होते तेवढे.

विलास त्या दिवशी बोलला. आवाज चढवला नाही, पण बोलला. "तिथे ट्रे घेऊन मस्त चालतेस. माझ्याकडे व्हिडिओ आहे. मग इथे काय होतं तुला? तुला घरात चालायचंच नाहीये का?"

सगळ्यात वाईट काय सांगू? मलाच वाटायला लागलं की तो म्हणतो ते खरं असेल. सेंटरमध्ये टाळ्या मिळतात म्हणून चालते, घरात आयतं मिळतं म्हणून पडते. माझंच मन कुठेतरी लबाड आहे. मी पाय काढला आणि बेडरूमच्या कपाटामागे उभा करून ठेवला. परत घालायचा नाही असं ठरवलं. दुसऱ्या दिवशीपासून पाणी, चष्मा आणि रिमोट परत हातात यायला लागले.

उंबरा

सासूबाईंनी मात्र माझ्या मनाला दोष दिला नाही. त्यांनी उंबऱ्याला दिला.

मी पाय घालत होते तेव्हा दाराशी बसून त्या भाजी निवडायच्या आणि मला येता-जाता बघायच्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. "भायर बरी चलतंस गो. लिफ्टपासून दारापर्यंत सरळ येतंस. उंबरो ओलांडलंस की लडबडतंस. उंबऱ्यात कायतरी आसा." त्यांनी दृष्ट काढली. उंबऱ्याला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. शेजारच्या शहा काकी विचारायला लागल्या, घरात काही कार्य आहे का? विलास वैतागला. मी त्यांना गप्प करायला गेले तर म्हणाल्या, मग तू सांग, नाहीतर काय आहे? मला कुठे माहीत होतं.

पुढच्या वेळी सेंटरला जायला मी तयार नव्हते. त्यांनी पाय कपाटामागून काढला, पदराने पुसला आणि स्वतः रिक्षात माझ्या शेजारी बसल्या. तिथे जाऊन हेतलला सगळं सांगितलं, उंबऱ्याच्या गोष्टीसकट. हेतलला हसू आवरेना. म्हणाली, आजी, उंबऱ्यात भूत आहे की काय? आणि हसता हसता मध्येच थांबली. माझ्या सँडलकडे बघितलं आणि विचारलं, "काकी, घरात चप्पल काढता तुम्ही?"

आता हा काय प्रश्न झाला? घरात चप्पल कोण घालतं? आमच्या दाराबाहेर चपलांचं कपाट आहे. त्याच्याजवळ स्टूल आहे. मी स्टुलावर बसते, दोन्ही सँडलचे पट्टे सोडते, कपाटात ठेवते आणि आत जाते. बनवलेल्या पायाचाही काढतेच, त्याला काय वेगळा न्याय आहे? सासूबाई तर प्लंबरलाही चपला काढायला लावतात.

हेतलने शेख सरांना हाक मारली. त्यांनी मला तिथेच, हॉलमध्ये, दोन्ही सँडल काढून चालायला सांगितलं. मी पहिलं पाऊल टाकलं आणि छातीवर तोच हात आला. मागे ढकलणारा. गुडघा रेटला गेला. मी दांडा पकडला आणि ओरडले, "हेच! घरी हेच होतं!" आणि मग मी अशी रडायला लागले की बाकावरचे पेशंट उठून उभे राहिले. त्यांना वाटलं लागलं कुठेतरी. लागलं नव्हतं. मी लबाड नव्हते, एवढंच कळलं होतं.

शेख सरांनी खुर्ची घेतली आणि आम्हा दोघींना समजावलं. माणसाचा घोटा फार हुशार असतो. उंच टाचेची चप्पल घातली, सपाट घातली, अनवाणी चाललो, प्रत्येक वेळी तो आपला कोन बदलतो आणि आपल्याला सांगतसुद्धा नाही. बनवलेल्या पावलाला ते जमत नाही. त्याला एकच उंची पाठ असते. टाचेखालची उंची काढून घेतली की सगळा पाय मागे कलतो, आणि पाय कलला की माणूस कलतं. मग ते म्हणाले, "दुसरी चप्पल वापरू नका म्हणालो मी. अनवाणी चालू नका म्हणायचं सुचलंच नाही. मी स्वतः घरात चप्पल काढतो. सगळेच काढतो. म्हणून कुणी विचारलं नाही."

मी म्हटलं, मग अनवाणी चालण्यासाठी सेट करून द्या. ते म्हणाले, करता येईल. पण हेतलने माझ्या उजव्या पायाकडे बोट दाखवलं. "आणि हा? हा पण बधिर आहे, काकी. डावा अनवाणी फिरूनच गेला ना? घरातही चप्पल घाला, डिस्चार्जच्या वेळी सांगितलं असेल तुम्हाला." सांगितलं होतं. आम्ही घरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या आणि घरी येऊन चपला दारात काढल्या होत्या.

म्हणजे उपाय अगदी सोपा होता. घरात चप्पल.

पिशवी

तुम्हाला वाटेल, एवढंच ना, घालायची चप्पल. तुम्ही आमचं घर बघितलं नाही. देव्हारा किचनमध्येच आहे, ओट्याच्या शेजारी. मुंबईच्या घरात दुसरीकडे कुठे असणार? त्या किचनमध्ये लग्न होऊन आले तेव्हापासून कुणाच्या पायात चप्पल बघितलेली नाही. आणि सासूबाईंचं कशाला, माझंच सांगते. दहिसरला आईच्या घरात एकदा घाईत चप्पल घालून आत गेले होते तर आईने सगळी लादी पुसून घेतली होती माझ्याकडून. ते कुठे जातं अंगातून?

त्या दिवशी दारात स्टुलावर बसले. विलास म्हणाला, ये तशीच. मी पाय उचलला, उंबऱ्यापलीकडची लादी बघितली, सकाळीच पुसलेली. सासूबाई समोर उभ्या होत्या, मग त्या आत निघून गेल्या. माझे हात आपोआप पट्ट्यांकडे गेले. सँडल काढले आणि वॉकर मागितला.

दोन दिवस घरात कुणी त्या विषयावर बोललं नाही. मला वाटलं, झालं, माझा चहा राहिला. त्यांच्यावर राग धरावा असंही वाटेना. ज्या बाईने नसलेला अंगठा खाजवला तिच्याशी भांडणार तरी कसं?

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या कुठे जाते ते न सांगता बाहेर पडल्या. आल्या तेव्हा हातात कापडी पिशवी होती. त्यातून आधी माझाच एक सँडल निघाला, पाय ज्यावर सेट केलाय त्या जोडीतला. तो मापाला घेऊन त्या स्टेशनजवळच्या चपलांच्या दुकानात गेल्या होत्या आणि दुकानदाराकडून काउंटरवर त्याच्या टाचेशी टाच लावून तेवढ्याच उंचीची जोडी शोधून घेतली होती. दुकानदाराने म्हणे हात जोडले शेवटी. ती जोडी त्यांनी माझ्यासमोर ठेवली. शेख सरांना दुसऱ्या दिवशी दाखवली. त्यांनी पट्टी लावून टाच मोजली, एक स्क्रू जरासा फिरवला आणि म्हणाले, आजींना नोकरी देऊ का?

पण पिशवीत आणखी एक जोडी होती. साधी, निळ्या पट्ट्यांची. मी विचारलं, ही कुणाची? सासूबाईंनी ती खाली टाकली, पाय घातले आणि किचनच्या दिशेने फटक फटक करत निघाल्या. जन्मात घरात चप्पल घातलेली नाही, त्यामुळे चालताना पाय असे उचलत होत्या की जणू पाण्यातून चालल्यात. दाराशी वळून म्हणाल्या, "येकटीच चपला घालून फिरशीत तर घरात पावणी इल्यासारखी दिसशीत. आता दोघी दिसांदे."

मी देव्हाऱ्याकडे बघितलं. त्यांना कळलं. म्हणाल्या, "देवाक मी सांगलंय." काय सांगितलं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, ता माझा नि देवाचा. एक अट मात्र घातली. घरातली जोडी घरातच. उंबऱ्याबाहेर गेली तर गाठ त्यांच्याशी. आता मी स्टुलावर बसते, बाहेरची काढते, आतली घालते आणि मग उंबरा ओलांडते.

चहा

घरात नीट चालायला तरी वेळ लागलाच. सवय मोडलेली असते. भिंतीवरचा हात सुटायला दिवस गेले, काठी सुटायला आणखी. वाचणाऱ्याला हेही सांगते की आजही कधी स्टंपला फोड येतो, कधी पाय घालावासाच वाटत नाही, आणि कधी अंगठा खाजतो. मग मी आरशासमोर बसते. घरी कुणी असलं तर चादर.

पण चहाचं सांगून थांबते. रविवारच होता. विलास आणि सासूबाई बाहेर सोफ्यावर होते. मी आत चहा केला, तीन कप, माझा बिनसाखरेचा. ट्रे उचलला. किचनमधून बाहेरचा सोफा दिसतो. मी निघाले तसे दोघांनी बघितलं. विलास अर्धा उठला. सासूबाईंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. त्याच हाताच्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे. त्या स्वतः जागच्या हलल्या नाहीत. मला माहीत आहे, ती बाई कुणी पडतंय म्हटलं की आधी उठते. त्या दिवशी त्या बसून राहिल्या, आणि त्यांच्या पायाची बोटं निळ्या पट्ट्यांमध्ये आवळलेली मला लांबूनही दिसत होती.

मी पोचले. ट्रे टीपॉयवर ठेवला. एक थेंब बशीत सांडला होता, तेवढाच. विलासने कप उचलला आणि एका दमात अर्धा चहा प्यायला. सासूबाईंनी एक घोट घेतला, तोंडात घोळवला, कप खाली ठेवला.

"साखर कमी आसा गो. जा, डबो घेवन ये."

विलास म्हणाला, अगं आई, ठीक तर आहे, आणि त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प बसला. मी तशीच उभी होते. पिन लागल्या दिवसापासून मला कुणी काही आणायला सांगितलं नव्हतं. पाणी नाही, पेपर नाही, काहीच नाही. सगळे मलाच आणून देत होते. मला एकदम रडू यायला लागलं, म्हणून मी पटकन वळले आणि आत गेले. ओट्यावरून डबा घेतला, देव्हाऱ्यासमोरून, चप्पल घालून, परत आले.

डबा टीपॉयवर ठेवला. तो कुणीच उघडला नाही. आम्ही तिघांनी चहा प्यायला.